जुगारातील मर्यादेचे विज्ञान

ऑनलाइन कॅसिनोच्या जाहिरातीच्या तळाशी ‘जबाबदारीने खेळा’ अशी सूचना बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि खेळणाऱ्याने भान ठेवावे, लोभ आवरावा व वेळेवर उठावे असा तिचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. गणित, मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी गेल्या काही दशकांत जुगाराविषयी जे सिद्ध केले आहे ते पाहता ही सूचना अपुरी ठरते, कारण ज्या भानावर तिची सारी भिस्त आहे ते भानच खेळ रंगात आल्यावर सर्वांत आधी सुटते. मर्यादा उपयोगी पडायची असेल तर ती डाव सुरू होण्यापूर्वी, शांत डोक्याने आणि स्वतःलाही सहजासहजी मोडता येणार नाही अशा रीतीने घातलेली असावी लागते. ती किती कडक हवी हे मात्र खेळणाऱ्याच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेवरून, विशेषतः त्याच्या वेगावरून ठरते.

भारतातील वाचकांसाठी कायद्याची बाजू आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ पुरवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घातली असून, असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली आहे. खेळणाऱ्यासाठी मात्र त्यात शिक्षा नाही. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला, तर गोव्यात पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने कॅसिनो चालतात. भारतातल्या मोबाइलवर आज जे ऑनलाइन कॅसिनो उघडतात ते बहुधा परदेशातून चालवलेले असतात आणि पुढे वर्णिलेली संरक्षक बंधने पाळायला त्यांना येथे कोणी भाग पाडू शकत नाही. म्हणून येथे जबाबदारीचा पहिला अर्थ त्यांच्यापासून दूर राहणे हाच आहे. जेथे हा व्यवसाय परवान्याने चालतो आणि जेथे बरीच मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत, त्या ब्रिटनमध्ये मात्र मर्यादेचा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे आणि त्याचा अभ्यासही तेथे बारकाईने झाला आहे.

या अभ्यासाचा पाया साध्या अंकगणितात आहे. युरोपीय रूलेटच्या चाकावर शून्य ते ३६ असे ३७ कप्पे असतात आणि एका आकड्यावर लावलेला पैसा लागला तर त्याच्या ३५ पट रक्कम मिळते. समतोल साधायचा तर मोबदला ३६ पट हवा. या एका पटीच्या तुटीमुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालकाकडे राहतात. दोन शून्ये असलेल्या अमेरिकी चाकावर हाच आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. चालकाच्या या पक्क्या सरशीला ‘हाऊस एज’ म्हणतात, आणि कोणतीही हुशारी वा कोणताही मुहूर्त तिच्यात पैशाचाही फरक घडवू शकत नाही.

स्लॉट नावाच्या चित्रचक्रांच्या खेळात ही सरशी उलट बाजूने, म्हणजे ‘परतावा ९६ टक्के’ अशा शब्दांत सांगितली जाते, आणि येथेच सर्वांत मोठी दिशाभूल होते. एक हजार रुपये खात्यात भरले तर ९६० उरतील असा त्याचा अर्थ वाटतो. वस्तुतः ही टक्केवारी भरलेल्या रकमेला लागू नसून प्रत्येक डावाला लागू असते. वीस रुपयांचा एक डाव धरला तर ५० डावांत हजार रुपये एकदा फिरतात आणि सरासरी ९६० उरतात, मग ते ९६० पुन्हा फिरतात, त्यांचेही चार टक्के गळतात, आणि अशा सुमारे १७ फेऱ्यांनंतर निम्मी रक्कम गेलेली असते. एकूण डावांची संख्या भरते ६२५, आणि मिनिटाला दहा डाव या वेगाने त्यांना तासाभरापेक्षा थोडाच अधिक वेळ लागतो. ही अर्थात सरासरी झाली. प्रत्यक्षात कोणी मधेच मोठी रक्कम जिंकतो, कोणाचे खाते वीस मिनिटांत रिकामे होते, आणि हे चढउतारच मूळची संथ गळती नजरेआड करतात. स्वागताच्या बोनसचा हिशेबही असाच उलगडतो: हजार रुपयांचा बोनस काढून घेण्यापूर्वी तो ३५ वेळा फिरवला पाहिजे अशी अट असेल, तर ३५ हजारांच्या उलाढालीवर चार टक्क्यांनी अपेक्षित तोटा १,४०० रुपये होतो, म्हणजे फुकट मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त.

हरण्याची रांग लागली की आता जिंकण्याची पाळी आली, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चाक सलग २६ वेळा काळ्या रंगावर थांबले आणि आता लाल येणारच या खात्रीने लोक प्रत्येक फेरीला अधिकाधिक पैसे लाल रंगावर लावत गेले. चाकाला स्मृती नसते. पंचवीस काळ्यांनंतरही लालची शक्यता ३७ पैकी १८ एवढीच होती. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय ही विद्या शिकतो, आणि ती विद्या बेहड्याच्या झाडावरची पाने व फळे न मोजता सांगण्याच्या कौशल्याबरोबरच येते. प्राचीन काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत, त्यामुळे संख्येची जाण हे तेथे खरेच सामर्थ्य होते. ऑनलाइन स्लॉटमध्ये असे शिकण्याजोगे काहीही नसते. बटण दाबताक्षणी संगणकाने काढलेल्या यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम वा अंदाज न जुळणाऱ्या, संख्येवरून निकाल ठरून जातो आणि त्यानंतर पडद्यावर फिरणारी चक्रे ही त्या निकालाची चित्रफीत असते.

हरल्यावर डाव दुप्पट करण्याची युक्ती तर शेकडो वर्षे हुशारीची मानली गेली आहे. काळ्या रंगावर १०० रुपयांपासून सुरुवात करून प्रत्येक हारीनंतर रक्कम दुप्पट केली, तर जेव्हा केव्हा जिंकू तेव्हा मागचे सारे भरून निघून वर १०० रुपये उरतात. परंतु सलग दहा वेळा हरल्यास १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या डावाला १,०२,४०० हवे असतात, जे बहुतेकांच्या खिशात नसतात किंवा टेबलाच्या कमाल मर्यादेत बसत नाहीत. अशी दहा हारींची रांग सुमारे ७८४ प्रयत्नांत एकदा येते. उरलेल्या ७८३ प्रयत्नांत मिळून ७८,३०० रुपये मिळतात आणि एका फटक्यात लाखावर जातात. या युक्तीचा खरा धोका असा की ती शेकडो वेळा यशस्वी होते, आणि तेवढ्या अवधीत खेळणाऱ्याचा स्वतःच्या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसलेला असतो.

गणित कळूनही माणूस का थांबत नाही, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत आढळले की ठरावीक संख्येने टोचा मारल्यावर दाणा मिळत असेल तर पक्षी दाणा मिळाल्यावर काही काळ थांबतो. पण दाणा कधी तिसऱ्या तर कधी तिसाव्या टोच्याला अनियमितपणे मिळू लागला, की तो न थांबता टोचत राहतो आणि दाणे बंद झाल्यावरही दीर्घकाळ सोडत नाही. या अनियमित बक्षिसाला परिवर्तनशील गुणोत्तराचे प्रबलन म्हणतात, आणि स्लॉटची सारी रचना त्यावर उभी आहे. पुढे वुल्फराम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदींवरून १९९७ साली दाखवून दिले की डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षेहून जास्त मिळालेल्या बक्षिसाला प्रतिसाद देतात; ठरलेले बक्षीस हळूहळू निष्प्रभ होते, अनपेक्षित मात्र प्रत्येक वेळी मेंदूला नव्याने जागे करते.

या प्रवृत्तीवर खेळाच्या रचनाकारांनी दोन सूक्ष्म गोष्टींची भर घातलेली आहे. पहिली थोडक्यात हुकण्याची: दोन चित्रे जुळतात आणि तिसरे एका घरावर अडते. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की अशा हारीत मेंदूतील बक्षिसाशी निगडित भाग खऱ्या विजयासारखेच उद्दीपित होतात, आणि हा अनुभव सुखद नसूनही खेळत राहण्याची इच्छा वाढते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका डावात वीस रेषांवर एकेक रुपया लावलेला असतो, त्यांपैकी एका रेषेवर आठ रुपये परत येतात, पडदा झगमगतो, नाण्यांचा खणखणाट होतो, आणि बारा रुपये गमावलेल्या माणसाचे अभिनंदन होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून, म्हणजे घामाच्या सूक्ष्म फरकातून कळणाऱ्या उत्तेजनेवरून, दाखवले की शरीर अशा हारीला विजयच समजते. ज्या खेळात हार आणि जीत यांतला भेद शरीराला कळू नये अशी योजना केलेली आहे, तेथे भान ठेवण्याचा उपदेश किती तोकडा आहे हे येथे स्पष्ट होते.

ही बाब चारित्र्याची नाही याचा सर्वांत ठळक पुरावा वेगळ्याच आजारातून मिळाला. कंपवात म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांना डोपामिनसारखे कार्य करणारी काही औषधे दिली असता, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या काही जणांना जुगाराची अनिवार ओढ लागली आणि औषध कमी वा बंद केल्यावर ती बहुधा ओसरली. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी जागा दिली, त्यामागे अशा संशोधनाचे बळ होते.

ब्रिटनमधील नियमांत या संशोधनाचे प्रतिबिंब दिसते. ऑक्टोबर २०२१ पासून तेथे ऑनलाइन स्लॉटचा एक डाव अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपवता येत नाही, आपोआप डाव चालू ठेवण्याची सोय बंद आहे, आणि लावलेल्या रकमेइतकी किंवा तिच्यापेक्षा कमी रक्कम परत आली असता विजयाचे आवाज वा दृश्ये दाखवता येत नाहीत. एप्रिल २०२५ पासून एका डावाची कमाल रक्कम पाच पौंड झाली आणि मे महिन्यापासून १८ ते २४ वयोगटासाठी ती दोन पौंडांवर आणली गेली. हे आकडे लहान दिसतात, म्हणून ते वेगाशी गुणून पाहिले पाहिजेत: अडीच सेकंदांचा डाव म्हणजे तासाला १,४४० डाव, पाच पौंडांनी ७,२०० पौंडांची उलाढाल, आणि ९६ टक्के परतावा धरला तरी तासाला सरासरी २८८ पौंडांचा तोटा, दोन पौंडांची मर्यादा घातली तरी तो ११५ पौंडांच्या घरात राहतो. प्रत्येक डावाची रक्कम कमी ठेवली की झाले, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. रक्कम, वेग आणि कालावधी या तिन्हींचा गुणाकार हाच खरा खर्च असतो.

म्हणून उपयोगी मर्यादा एकूण तोट्यावर आणि एकूण वेळेवर घातलेली असते, आणि ती वाढवण्याची विनंती तत्काळ मान्य न होता काही काळ थांबावे लागते, जेणेकरून हरल्याच्या तिरीमिरीत घेतलेला निर्णय अमलात येऊ नये. नॉर्वेने २००७ साली जुनी स्लॉट यंत्रे हटवली आणि नंतर आणलेल्या नव्या यंत्रांवर वैयक्तिक कार्ड व तोट्याची सक्तीची मर्यादा लागू केली, तर ब्रिटनने एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी घातली, कारण उसन्या पैशाने खेळताना स्वतःच्या खिशाची मर्यादाच उरत नाही. जिंकलेली रक्कम खात्यावर येण्याआधीच पुन्हा खेळात वळवण्याची सोयही तेथे बंद झाली आहे. सर्वांत कडक उपाय म्हणजे स्वतःहून प्रवेशबंदी: ब्रिटनमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या ‘गॅमस्टॉप’ या सेवेत एकदा नाव नोंदवले की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे सर्व परवानाधारक ऑनलाइन चालकांची दारे बंद होतात आणि मुदत संपेपर्यंत ती उघडून मिळत नाहीत. परवाना नसलेल्या परदेशी संकेतस्थळांना ही यादी लागू नसते, हा तिचा मोठा उणेपणा आहे.

जबाबदार जुगाराची चौकट २००४ साली ब्लाझ्झिन्स्की, लादुसर आणि शाफर या संशोधकांनी मांडली, आणि माहितीच्या आधारे खेळायचे की नाही हा अखेरचा निर्णय व्यक्तीचा, असे तिचे सूत्र होते. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप असा की हानीचे मूळ उत्पादनाच्या घडणीत असताना सारा भार खेळणाऱ्यावर टाकला जातो. हा आक्षेप रास्त आहे. हार लपवणारा खेळ बनवायचा आणि हार न ओळखल्याचा ठपका हरणाऱ्यावर ठेवायचा, हे न्यायाला धरून नाही; आणि तरीही जोवर असे खेळ उपलब्ध आहेत तोवर आधीच घातलेली मर्यादा हे सामान्य माणसाच्या हातचे सर्वांत खात्रीचे साधन राहते.

विकार जडल्याच्या खुणा निदानग्रंथात नऊ दिल्या असून त्यांपैकी चार वा अधिक बारा महिन्यांत आढळल्यास निदान केले जाते. तीच उत्तेजना मिळावी म्हणून रक्कम वाढवत नेणे, थांबण्याचा प्रयत्न करताच चिडचिड होणे, गेलेले भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी परत येणे, घरच्यांशी खोटे बोलणे आणि देणी भागवण्यासाठी इतरांवर अवलंबून राहणे या त्यांपैकी सहज लक्षात येणाऱ्या. उपचारांत विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचार पद्धतीचा आधार सर्वांत भक्कम असून, तिच्या जोडीला काही काळ बँक खाते आणि पैशाचे व्यवहार जोडीदाराच्या वा भावंडाच्या हाती सोपवले जातात आणि कर्जाची पूर्ण यादी कुटुंबासमोर मांडली जाते. नातेवाइकांनी कर्ज गुपचूप फेडून टाकणे हे मायेपोटी घडत असले तरी त्याने पुढच्या डावासाठी वाट मोकळी होते, हे समुपदेशक आवर्जून सांगतात. कर्जाच्या ओझ्याखाली आत्महत्येचे विचार येऊ लागले असतील तर क्षणाचाही विलंब न करता मदत घेणे आवश्यक असते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तेथे मराठीतही बोलता येते, आणि खेळणाऱ्याप्रमाणेच त्याच्या घरच्यांनाही त्यावर सल्ला मिळू शकतो.