तात्या परत आला, पण घाबरायचं कुणी?

खुनी एकच, बळी एकामागून एक, आणि शेवटी कुणीतरी जिवावर उदार होऊन त्याला गाठतो. हॉलिवूडमध्ये अशा सिनेमाला स्लॅशर म्हणतात. १९७८च्या ‘हॅलोविन’नंतर त्याची लाटच आली आणि भागांवर भाग निघाले. मराठीत या घराण्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे आपला तात्या विंचू. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ला आला. त्यात तात्या या खुनी गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो; ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. पुढे वीस वर्षांनी, जून २०१३मध्ये, ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. थ्रीडीची ती नवलाई आता ओसरली आहे. नांदेड-लातूरकडे आज हा सिनेमा बघणारा माणूस तो घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवरच बघतो, चष्म्याविना. तेव्हा तो आज कितपत टिकतो हे याच सपाट पडद्यावर तपासायला हवं.

पहिल्या भागाचं बळ बाहुल्यात आहे असं आपण सहज म्हणून जातो. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांचं मोल मोठंच आहे. पण खरी करामत नायक लक्ष्याच्या छंदात आहे. लक्ष्या शब्दभ्रमकार, बाहुल्याला बोलकं करणं हाच त्याचा छंद आणि कला. असा माणूस ‘हा बाहुला आपणहून बोलतो’ म्हणून ओरडत सुटला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मूळ अमेरिकी सिनेमात लहान मुलाचं कुणी ऐकत नाही; मराठीत कोंडी त्याहून पक्की झाली, कारण इथे लक्ष्याची कलाच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. लक्ष्या साकारणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावर भीती दाटते त्याच क्षणी आपल्याला हसू फुटतं. हसू आणि भीती दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर, आणि म्हणून दोन्ही खरी वाटतात.

दुसऱ्या भागात नेमकी हीच गाठ सुटली. बेर्डे २००४मध्ये गेले होते. कथेने वारस शोधला: तात्याला आता लक्ष्याऐवजी त्याच्या मुलाचं, आदित्यचं शरीर हवं. मालिकेच्या नियमाला धरून काढलेली ही वाट मला चोख वाटते. पण आदिनाथ कोठारे यांच्या वाट्याला देखणा नायक आला, मकरंद अनासपुरे यांच्या वाट्याला विनोद आला, आणि भीती कुणाच्याच वाट्याला आली नाही. अनासपुरे यांची मराठवाडी बोली आपल्या कानाला घरची. माळेगावच्या खंडोबाची जत्रा पाहिलेल्यांना सिनेमातली जत्राही परकी वाटत नाही. तरीही त्यांचा विनोद तात्याच्या धाकातून उगवत नाही, त्याच्या शेजारून चालतो. मुडदे पडतात आणि आपण पुढच्या विनोदाची वाट बघत बसतो.

यावर कुणी म्हणेल, तात्या तर पोराटोरांचा लाडका, त्याला घाबरायचं कशाला? मात्र तो लाडका झाला तो पहिल्या भागात पोरं त्याला घाबरली म्हणूनच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लक्ष्याच नाही म्हटल्यावर करणार काय? त्याचं उत्तर २०१३मध्येच आलेल्या, ‘चाइल्ड्स प्ले’च्या मालिकेतल्या ‘कर्स ऑफ चकी’त सापडतं. १९९८ आणि २००४च्या भागांत तिथल्या बाहुल्याचा, चकीचा जवळजवळ विदूषक झाला होता. लेखक-दिग्दर्शक डॉन मॅन्सिनी यांनी त्याला पुन्हा एका घरात कोंडलं, समोर चाकाच्या खुर्चीतली तरुणी बसवली आणि बाहुला बराच वेळ हलूच दिला नाही. ती तरुणी साकारणारी फिओना डुरिफ ही चकीला आवाज देणाऱ्या ब्रॅड डुरिफ यांची मुलगी. म्हणजे पुढची पिढी तिथेही आली, फक्त तिला आधी घाबरू दिलं. ‘झपाटलेला २’ला त्यासाठी परदेशात जायचीही गरज नव्हती. मधू कांबीकर यांनी साकारलेली लक्ष्याची आई दोन्ही भागांत आहे. मुलगा गमावलेली आई आणि आता नातवावर उठलेला तोच बाहुला, या नात्यावर सिनेमा थांबला असता तर लक्ष्याची उणीवच कथेचं बळ झाली असती.

म्हणून दुसरा भाग मला अर्धा टिकलेला वाटतो: प्रभावळकरांचा आवाज, बाहुल्याची चाल आणि वारसाची युक्ती यांच्यावर. तिसऱ्या भागाची घोषणा करताना महेश कोठारे यांनी तंत्रज्ञानाने लक्ष्याला पडद्यावर आणण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. लक्ष्याचा चेहरा पाहून चाहते हेलावतील यात शंका नाही. पण तात्या समोर उभा राहिल्यावर जिची बोबडी वळेल अशी एक जिवंत व्यक्तिरेखा पटकथेत आधी लिहायला हवी, आणि तिच्या तोंडचा विनोद दुसऱ्या कुणाला देता कामा नये.