शिखरांची मुदत

इंग्लंडमधील केझिक गावचे बॉब ग्रॅहॅम यांनी १९३२ साली बेचाळीस शिखरे चोवीस तासांच्या आत पायांखाली घालून पुन्हा गावी परतण्याचा जो संकल्प सिद्धीस नेला, तो डोंगरधावकांच्या जगात आज मानदंड होऊन बसला आहे. सुमारे १०६ किलोमीटरांच्या या प्रदक्षिणेत प्रत्येक शिखरावर सोबत्याची साक्ष लागते, आणि तिच्याविना धावकाचे नाव तेथील मंडळाच्या दप्तरी दाखल होत नाही.

आपल्या मुलखात या कल्पनेच्या निकट जाणारा उपक्रम म्हणजे पुण्याजवळची सिंहगड–राजगड–तोरणा ही सुमारे त्रेपन्न किलोमीटरांची शर्यत. गड तीनच, परंतु चढाची कसोटी केवळ शिखरांच्या संख्येवर लागत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीकडून अळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार ज्याने पाहिली आहे, त्याला ठाऊक असते की तेथे कारवीच्या रानातून पायवाट मध्येच लुप्त होते, मुरमाच्या घसाऱ्यावर पाऊल ठरत नाही, आणि १४०३ मीटर उंचीचा तोरणा समोर दिसत असूनही जवळ येत नाही. म्हणून जाणता धावक शर्यतीपूर्वीच ही वाट दिवसाउजेडी पायी चालून घेतो आणि पाणी कोठे मिळेल याची तजवीज करून ठेवतो.

सर्वसाधारण समजूत अशी की चढ माणसाला थकवतो. वस्तुतः मांड्यांचा खरा नाश उतार करतो, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच त्यांना देहाचा भार आवरून धरावा लागतो आणि त्यात त्यांचे सूक्ष्म तंतू तुटतात. तितकाच घातक अपसमज पाण्याविषयीचा. घामावाटे क्षार निघून जात असता तासन्‌तास नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते, आणि भोवळ, मळमळ, प्रसंगी बेशुद्धीही ओढवते. म्हणून तहान लागेल तसे पाणी प्यावे आणि मिठाची पुडी किंवा क्षारयुक्त पेय सोबत असावे, हा जाणत्यांचा शिरस्ता आहे.

आमचे सिल्वासा दमणगंगेच्या काठी, समुद्रसपाटीहून फारसे उंच नसलेले; येथील दमट हवेत धावणाऱ्याचे अंग लवकर घामेजते, ही अडचण खरी, तथापि उष्म्याची सवय जडण्यास तीच उपकारक ठरते. खानवेलहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्याचे चढ-उतार सरावास पुरेसे आहेत. येथील वारली व कोकणा पाड्यांतील मुले डोंगरवाटांवर ज्या सहजतेने वावरतात, ते पाहता त्यांच्यापर्यंत या खेळाची वार्ता पोचविणे हे आपल्या शाळांचे व क्रीडामंडळांचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते. या हिवाळ्यात ज्यांना तोरण्याकडे जावयाचे असेल, त्यांनी आधी उतार धावण्याचा सराव करावा, आणि एकट्याने मात्र जाऊ नये.