स्थापत्यविशारदांचें दप्तर

जुनें दप्तर म्हटलें कीं सनदा व महजर तेवढे आठवतात. परंतु स्थापत्यविशारदांच्या मंडळांचीं इतिवृत्तें, सभासदांच्या याद्या व नकाशे हेंही आम्ही दप्तरच मानतों. मुंबईस १९१७ सालीं कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं स्थापिलेली मंडळी १९२९ सालीं 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. नांदेड व लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. त्यामुळें येथील तत्पूर्वींच्या सरकारी बांधकामांचा माग मुख्यतः हैदराबादेच्या उर्दू कागदांत घ्यावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत दगडमातीचीं माळवदी घरें कोसळलीं व पुढें अनेक गांवें नव्या जागीं वसलीं. अशा ठिकाणच्या नष्ट वाड्याचा मोजणी-नकाशा हातीं आला, तर तोच त्या वाड्याचा ताम्रपट समजावा.

संग्राहकांनीं एवढें ध्यानीं धरावें कीं, निळा नकाशा उजेडांत फिकटतो व क्षारयुक्त वेष्टनांत त्याचा रंग उडतो. म्हणून तो अंधारांत, क्षाररहित कागदांत ठेवावा. शिक्का, तारीख, प्रमाण व गांव यांची नोंद नसेल, तर सुटा नकाशा मुका होय. ही नोंद प्रत्येकानें आजच करावी, अशी आमची विनंति आहे.