लक्ष कुठं होतं?

गॅसवर दूध ठेवलेलं, दारात पोस्टमन आणि तेवढ्यात पाळण्यातलं बाळ उठतं. दूध उतू जातं आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "लक्ष कुठं होतं तुझं?" आज आपण अशा एका कामाबद्दल बोलणार आहोत, जिथं हाच प्रश्न 71 माणसं गेल्यावर विचारला गेला.

आकाशात विमानांनी एकमेकांपासून ठरावीक अंतर ठेवायचं असतं. एकतर वर-खाली साधारण 1000 फूट, नाहीतर आडवं काही मैल. हे अंतर जमिनीवर बसलेले कंट्रोलर सांभाळतात. ते रडारच्या पडद्यावर विमानं बघतात आणि पायलटला रेडिओवरून सूचना देतात. ताशी 800 किलोमीटर वेगाचं विमान एका मिनिटात 13 किलोमीटर जातं. म्हणून इथं मिनिटभर नजर हटणंही महागात पडतं.

1 जुलै 2002 ची रात्र. दक्षिण जर्मनीतल्या युबरलिंगन गावावरच्या आकाशाचं काम स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून चालायचं. मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं रशियन विमान आणि इटलीहून बेल्जियमला जाणारं मालवाहू विमान, दोन्ही 36,000 फुटांवर होती. रशियन विमानात बरीचशी मुलंच होती.

ड्युटीवर दोन कंट्रोलर होते. तिथल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे एक जण विश्रांतीला गेला. उरलेल्याकडे दोन पडदे आले. त्यात एक उशिरा आलेलं विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचं होतं. तिथं फोन करावा, तर मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद आणि पर्यायी लाइन लागेना. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला होता, पण त्यांचाही फोन लागला नाही.

कंट्रोलरच्या लक्षात आलं, तेव्हा मिनिटही उरलं नव्हतं. त्यानं रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. त्या विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र मात्र "वर जा" म्हणत होतं. पायलटनी कंट्रोलरचं ऐकलं. दुसरं विमान आपल्या यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. दोन्ही एकमेकांवर आदळली. कुणीही वाचलं नाही.

चौकशीत फक्त त्या एका माणसाची चूक निघाली नाही. रात्री एकट्यावर काम सोडायची पद्धत वरिष्ठांनी चालू दिली होती, हेही पुढे आलं. 2007 साली स्विस न्यायालयानं त्या कंपनीच्या चार जणांना दोषी ठरवलं. यंत्र आणि कंट्रोलर वेगवेगळं सांगत असतील, तर पायलटनं यंत्राचं ऐकायचं, हा नियमही जगभर स्पष्ट केला गेला.

मैत्रिणींनो, नजर हलवता येणार नाही असं काम हातात असेल, तर उठण्याआधी "मी जाते, तू बघ" असं सांगू या आणि समोरून "हो, बघते" असं ऐकूनच उठू या. आणि कुणाचं काही चुकलं, तर "लक्ष कुठं होतं?" विचारण्याआधी एवढं विचारू या: त्या वेळी तिच्या एकटीवर किती कामं होती, आणि सोबतीला कोण होतं?