कौमारभृत्यातील सद्वृत्त : भय दाखवून संस्कार होत नाहीत

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमारागाराचे वर्णन येते. वास्तू कशी असावी, शय्या व आस्तरणे कशी स्वच्छ आणि धूपित असावीत हे सांगून झाल्यावर आचार्य बालकाच्या खेळण्यांकडे वळतात. खेळणी रंगीबेरंगी, नाद करणारी व मनास आल्हाद देणारी असावीत. ती जड नसावीत, त्यांची टोके तीक्ष्ण नसावीत, तोंडात शिरतील एवढी लहान नसावीत, जीवावर बेततील अशी नसावीत आणि भीती वाटेल अशीही नसावीत, असा हा विचार आहे. आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. बालक रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, राक्षस-पिशाच-पूतनेची नावे घेऊन त्यास भिवविणे योग्य नव्हे, असेही ते बजावतात. पदवी परीक्षेसाठी हा भाग आपण सर्वांनी पाठ केला. पाच-सात गुणांचा प्रश्न म्हणून तो लक्षात राहिला आणि चिकित्सालयात बसल्यावर विस्मृतीत गेला.

अलीकडे मुलांवरील संस्कारांची चर्चा पुष्कळ होते. उन्हाळी सुट्टीत संस्कारवर्ग भरतात, दहा दिवसांत श्लोक पाठ होतात, समारोपाला प्रशस्तिपत्रके वाटली जातात. या उपक्रमांविषयी आम्हांस अनादर नाही. परंतु 'संस्कार' हा शब्द आपल्या शास्त्रात ज्या अर्थाने येतो, तो अर्थ ध्यानात घेतला तर दहा दिवसांच्या हिशेबाचे हसू आल्याशिवाय राहत नाही. विमानस्थानात संस्कार म्हणजे द्रव्याच्या ठिकाणी निराळा गुण उत्पन्न करणे, असा विचार मांडला आहे आणि जल, अग्नी, मंथन, देश, काल, भावना ही त्याची साधने सांगितली आहेत. आवळ्याच्या चूर्णास आवळ्याच्याच स्वरसाची भावना देताना काय होते, हे औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंना सांगावयास नको. एक भावना शोषली जाऊन चूर्ण कोरडे होईपर्यंत दुसरी देता येत नाही. घाई केली की बुरशी धरते. मुलाचेही असेच आहे, आणि तेथे स्वरस असतो तो घरातील मोठ्या माणसांच्या नित्य वागण्याचा. वर्गात सत्यावर गोष्ट ऐकून आलेल्या मुलास घरी आल्यावर 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' अशी आज्ञा मिळाली, तर कोणती भावना मुरली असे म्हणावे?

आता आपल्या चिकित्सालयाकडे वळू. बालरुग्ण आत येण्यापूर्वीच बाहेरच्या बाकावरून आवाज येतो, 'रडलास तर वैद्यकाका सुई टोचतील हं!' ज्याने आयुष्यात कधी बस्तीखेरीज यंत्र हाती धरले नाही, अशा वैद्याच्या नावानेही ही सुई खपते. चरकांनी वर्ज्य सांगितलेल्या पूतनेच्या जागी आज आपलीच नेमणूक झाली आहे, आणि आपण ती हसून स्वीकारतो. काढा पाजताना याच्या उलट प्रकार होतो. 'गोड आहे, सरबत आहे' असे सांगून महासुदर्शन काढ्याचा घोट दिला जातो. कडू रस जिभेवर पडताच मुलाला दोन गोष्टी कळतात : औषध कडू आहे, आणि आई खोटे बोलते. पहिली तो संध्याकाळपर्यंत विसरतो. आम्ही पालकांना एवढेच सांगतो, की 'कडू आहे, एका दमात घे, मग मध चाटवते' असे खरे सांगावे. पाच-सहा वर्षांची मुले हे आश्चर्यकारक समजूतदारपणे ऐकतात.

भय दाखविण्याने काय बिघडते, असे विचारणारे पालक भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. खेडेगावातून आमच्याकडे खोकल्यासाठी आणलेल्या एका मुलाच्या पोटरीवर खपली धरलेले दोन ओरखडे दिसले. विचारता विचारता समजले, की चार दिवसांपूर्वी गल्लीतील कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधताना त्याने दात लावले होते. मार बसेल म्हणून मुलाने घरी काहीच सांगितले नव्हते. त्याच दिवशी त्यास शासकीय रुग्णालयात पाठवून लस सुरू करविली आणि मुलगा सुखरूप राहिला. परंतु खोकला झाला नसता तर? अलर्कविषाचे वर्णन सुश्रुतांनी कल्पस्थानात केले आहे आणि जलत्रास उत्पन्न झालेल्या रुग्णाचे अरिष्टही तेथेच सांगितले आहे. आजही लक्षणे प्रकट झाल्यानंतर हा व्याधी जवळजवळ नेहमी प्राण घेतो. मात्र त्यापूर्वी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन वेळेत लसीकरण केले, आणि खोल जखम असल्यास जोडीला प्रतिविषही दिले, तर तो टाळता येतो. जखमेत चुना, मिरची वा हळद भरू नये. पिलू चावले तरी नियम तोच. अशा रुग्णास आपल्या औषधांवर थांबवून ठेवण्याचा मोह कोणाही वैद्याने धरू नये, हे येथे स्पष्टच लिहितो.

या एका प्रसंगात दया, आरोग्य आणि सुरक्षा या तिन्ही गोष्टी एकाच दोरीत गुंफलेल्या दिसतात. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत किड्या-मुंगीलाही आपल्यासारखेच लेखावे असे म्हटले आहे. हा भाग आपण केवळ अध्यात्म म्हणून सोडून देतो. वस्तुतः शेपटीला डबा न बांधणारे, जेवणाऱ्या वा पिलांजवळ असलेल्या कुत्रीला न छेडणारे मूल पुष्कळ अंशी दंशापासूनही वाचते. आणि चूक घडल्यावरही निर्भयपणे घरी सांगता येते, हा विश्वास असलेले मूल दंशानंतरही वाचते.

सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्याय तर मुलांच्या संगोपनाचे पाठ्यपुस्तक व्हावा, असे आमचे मत आहे. तेथे तेरा वेग अधारणीय म्हणून सांगितले : मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा, अश्रू इत्यादी. त्याच अध्यायात धारणीय वेगही येतात : लोभ, क्रोध, भय, ईर्ष्या हे मनाचे, कठोर बोलणे, चहाडी, असत्य हे वाणीचे, परपीडा, चोरी, हिंसा हे शरीराचे. आपल्या घरांत आणि शाळांत नेमके याच्या उलट चालले आहे. जे रोखू नये ते रोखावयास आपण मुलांना शिकवितो, आणि जे रोखावे ते मोकळे सोडतो.

तास चालू असताना लघवीस जाऊ दिले जात नाही. स्वच्छतागृह अस्वच्छ असते, दाराला कडी नसते, म्हणून मुली सकाळी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत आणि दुपारपर्यंत तहानही मारतात. एकाच वेळी दोन वेग! मलावष्टंभ, मूत्रदाह, शिरःशूल घेऊन आलेल्या शालेय वयाच्या मुलींना कल्प देण्यापूर्वी 'शाळेत पाणी पितेस का, आणि जातेस का?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पुष्कळदा निदान तेथेच होते. केरळातील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण करून देणारी स्वतंत्र घंटा सुरू केली, ती 'वॉटर बेल' या नावाने गाजली. उपक्रम उत्तमच, मात्र पाण्याच्या घंटेबरोबर स्वच्छतागृहाची कडीही हवी. निद्रेचे तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. शासननिर्णयात निद्रावेगाचा विचार पाहून समाधान वाटले. अर्थात घरातील दूरदर्शन संच रात्री साडेअकरापर्यंत चालू राहिला, तर शासन तरी काय करणार?

अश्रूंविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. 'मुलगा असून रडतोस?' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. बाष्पवेगाच्या अवरोधाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात, असे शास्त्र सांगते. शिवाय ज्याला स्वतःचे रडणे लाजिरवाणे वाटावयास शिकविले, तो दुसऱ्याच्या रडण्याकडे करुणेने कसा पाहणार? तोच मुलगा भावंडाच्या अंगावर वस्तू फेकतो तेव्हा मात्र 'फार तापट आहे हो, आजोबांवर गेलाय' म्हणून कौतुक होते. क्रोध हा धारणीय वेग आहे. तो दाबण्यासाठी मुलास मारणे म्हणजे मोठ्यांनी आपला क्रोध मोकळा सोडणे होय. हात धरून ठेवावा, आवाज न चढविता 'फेकायचे नाही' असे सांगावे, शांत झाल्यावर फेकलेली वस्तू त्याच्याकडूनच उचलून घ्यावी. हेच दहा वेळा, वीस वेळा करावे लागते. भावनाविधीच तो.

भ्रमणध्वनीच्या व्यसनाविषयी पालक रोज विचारतात. याच अध्यायात अहितकर सवय पादांश क्रमाने सोडावी व हितकर सवय त्याच क्रमाने धरावी, असा उपदेश आहे. चार तास पाहणाऱ्या मुलाच्या हातून मोबाईल एका दिवशी हिसकावून घेतला तर घरात रणकंदन होते व तिसऱ्या दिवशी तो परत त्याच्या हाती जातो. एक तास कमी करावा, आणि त्या तासात आजीबरोबर भाजी निवडणे, अंगणात खेळणे, काही तरी ठेवावे. रिकामी जागा सोडली की सवय परत येते.

यापुढचा विषय थोडा अप्रिय आहे, तरी टाळून चालणार नाही. सद्वृत्तात गुरुजन व वृद्धांविषयी आदर सांगितला आहे आणि तो हवाच. परंतु सर्वांवरच विश्वास टाकू नये, तसा सर्वांविषयी संशयही बाळगू नये, हाही सद्वृत्ताचाच भाग आहे. आपण मुलांना पहिले शिकवितो, दुसरे नाही. 'काकांना पापी दे', 'मोठ्यांना नाही म्हणू नये', या वाक्यांनी मुलाच्या हातातील एकमेव ढाल आपणच काढून घेतो. नको असलेल्या स्पर्शास 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा नव्हे, हे मुलाने घरात ऐकलेले असावे. बालकाची तपासणी करताना आपणही आई वा वडिलांस समक्ष ठेवावे आणि 'पोट पाहू का?' असे विचारूनच हात लावावा. एवढ्या साध्या कृतीने मुलास आपले शरीर आपले आहे हे कळते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ अन्वये असा अपराध घडल्याची माहिती वा घडण्याची आशंका असलेल्या कोणाही व्यक्तीवर पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. घडलेला अपराध न कळविल्यास कलम २१ अन्वये शिक्षा होऊ शकते. 'कोणाही' यात वैद्यही आले, औषधविक्रेतेही आले. 'घरातले प्रकरण आहे, मिटवून घ्या' असा सल्ला देण्याचा अधिकार आपणांस नाही. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चिकित्सालयाच्या भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावी.

आपल्या हाती संधी किती आहे पाहा. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनासाठी मुले येतात, तीही दर सत्तावीस दिवसांनी. एवढ्या नियमाने मुले व पालक अन्य कोणत्या वैद्याकडे येत असतील? तेथे दोन थेंब जिभेवर घालून 'पुढचा' म्हणून हाक मारली जाते. फलकावर मात्र बुद्धी, स्मृती व गुणवाढीची आश्वासने. मेधा म्हणजे गुणपत्रिका नव्हे, हे आपणच पालकांना सांगावयास हवे. रांगेत धक्काबुक्की न करता उभे राहणे, लहान भावंडास पुढे जाऊ देणे, हात धुऊन येणे, ही रांगेतलीच शिकवण आहे. आम्ही दर पुष्यास एकच विषय पालकांसमोर पाच मिनिटे ठेवतो. कधी पाणी, कधी झोप, कधी कुत्रा. व्याख्यान लांबले की मुले कंटाळतात.

औषधालयचालक बंधूंसाठी स्वतंत्र दोन शब्द. गुंजेचे लाल-काळे मणी मुलांना फार आवडतात. टणक कवचासह गिळलेली गुंज बहुधा तशीच बाहेर पडते, चावलेली मात्र प्राणघातक ठरू शकते. कुंपणावरील मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात व वांत्या-जुलाबांनी रुग्णालयात पोहोचतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळण्यात असतात. धोतऱ्याची फळे रस्त्याकडेला. ही द्रव्ये मुलांना दाखवून, नावानिशी ओळख करून द्यावी. नुसते 'हात लावू नको' म्हटल्याने कुतूहल वाढते. आपल्या दुकानातील गुंजा, बिब्बा, बचनाग, कुचला यांच्या बरण्या कुलपात असाव्यात. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत, अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. खेड्यातील आजी यांपैकी कोणतीच भाषा वाचत नाही. म्हणून आम्ही पुडीवर व बाटलीवर उमटविण्यासाठी मराठीत एक रबरी शिक्का करून घेतला आहे : 'वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये.' शिक्क्यास खर्च अगदी किरकोळ येतो आणि एक शाईपट्टी पुष्कळ दिवस पुरते.