वाकडी नलिका, सरळ अवजार

दाताच्या कठीण कवचाआड पल्प नावाचा मऊ गाभा असतो. रक्तवाहिन्या आणि बोलीत ज्यांना ‘नस’ म्हटले जाते ते मज्जातंतू त्यातच असतात, आणि हा गाभा मुळांमधील ज्या अरुंद वाटांनी जबड्याच्या हाडापर्यंत उतरतो त्या वाटांना मूळनलिका म्हणतात. कीड खोलवर जाऊन या गाभ्यात जंतूंचा शिरकाव झाला, की तो काढून टाकणे, नलिकेला आकार देऊन ती स्वच्छ व निर्जंतुक करणे आणि जंतू पुन्हा शिरणार नाहीत अशा बेताने ती भरून बंद करणे, हा उपचार ‘रूट कॅनाल’ या नावाने घरोघरी परिचित आहे. त्यातील मधला टप्पा, म्हणजे नलिकेला आकार देणे, ज्या बारीक अवजारांनी पार पडतो त्यांना फाइल म्हणतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या फायलींचे धातू, आकार आणि फिरण्याच्या तऱ्हा इतक्या बदलल्या, की त्यांची परस्परांशी तुलना करणे हे दंतवैद्यकातील संशोधनाचे एक मोठे क्षेत्र बनले आहे. या तुलनेतून सर्वश्रेष्ठ फाइलचे नाव निघावे अशी अपेक्षा असते. परंतु तिच्यातून हाती आलेला अधिक मोलाचा निष्कर्ष असा, की दाताचे शक्य तितके कमी नुकसान करत जंतुनाशक द्रवाला मुळाच्या टोकापर्यंत वाट करून देणे हेच फाइलचे खरे काम आहे.

आकार कशासाठी द्यायचा?

१९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दाढांमधील पल्प मुद्दाम उघडा पाडला, तेव्हा सर्वसाधारण वातावरणात वाढलेल्या उंदरांचा पल्प सडून गेला, तर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांमध्ये तो जिवंत राहून जखमेवर नवे कठीण आवरणही तयार झाले. मुळाच्या टोकाशी होणाऱ्या रोगाचे कारण जंतू हेच असते, ही गोष्ट या प्रयोगाने निर्विवाद केली आणि नलिकेला आकार देण्यामागचा हेतू जंतू हटवणे हाच आहे, हेही त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे १९७४ साली हर्बर्ट शिल्डर यांनी या आकाराची तत्त्वे मांडली: नलिका तोंडाकडून टोकाकडे सलग निमुळती होत जावी, तिचे मूळ वळण तसेच राहावे आणि मुळाच्या टोकाचे छिद्र आपल्या जागेवरून सरकू नये, तसेच शक्य तितके लहान राहावे. आजही कोणत्याही दोन फायलींची तुलना करताना लावले जाणारे बहुतेक निकष या तत्त्वांतूनच आलेले आहेत.

ही तत्त्वे पाळणे कठीण जाते, कारण नलिका क्वचितच सरळ असते. दाढांची मुळे वाकलेली असतात, हे वळण क्ष-किरण चित्रात दिसते त्याहून अधिक आणि एकाहून अधिक दिशांना असू शकते, नलिकेचा छेद अनेकदा गोल नसून चपटा असतो, आणि दोन नलिकांना जोडणाऱ्या फटीही असतात. याउलट फाइल हे सरळ आणि गोल फिरणारे अवजार असते. फायलींचा सारा इतिहास म्हणजे या विसंगतीवर शोधलेल्या उपायांचा इतिहास होय.

पोलादाचा ताठरपणा

एडविन मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने १८३८ साली घड्याळाची स्प्रिंग घासून नलिकेत घालण्याचे अवजार बनवले, आणि या प्रकारचे ते पहिले अवजार मानले जाते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ प्रत्येक उत्पादक आपापल्या मापाच्या फायली बनवत राहिला. एकाची तीन नंबरची फाइल दुसऱ्याच्या तीन नंबरशी जुळेलच असे नसे. जॉन इंगल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रमाणित मापांचा आग्रह धरला आणि त्यातून आजची आंतरराष्ट्रीय पद्धत आकाराला आली. या पद्धतीत फाइलचा क्रमांक म्हणजे तिच्या टोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून २५ क्रमांकाच्या फाइलचे टोक ०.२५ मिलिमीटर जाड असते. १६ मिलिमीटर लांबीच्या धारदार भागात तिची जाडी दर मिलिमीटरला ०.०२ मिलिमीटरने वाढते, या वाढीला २ टक्के टेपर म्हणतात. आणि मुठीचा रंग क्रमांक सांगतो, जसे १५साठी पांढरा, २०साठी पिवळा, २५साठी लाल, ३०साठी निळा.

हाताने वापरायच्या पोलादी फायलींमध्ये दोन प्रकार प्रमुख आहेत. चौकोनी किंवा त्रिकोणी छेदाच्या तारेला पीळ देऊन के-फाइल बनते, आणि ती थोडी फिरवून व मागे ओढून दोन्ही रीतींनी भिंत कापते. गोल तारेत मळसूत्री खाचा कोरून हेडस्ट्रॉम किंवा एच-फाइल बनते. ती बाहेर ओढतानाच कापते, पण अधिक वेगाने कापते, आणि खाचांमुळे तिचा गाभा बारीक झालेला असल्याने ती फिरवली तर तुटण्याचा धोका मोठा असतो.

दोन्ही प्रकारांची मर्यादा मात्र एकच आहे. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ क्रमांकाऐवजी ३० क्रमांकाची फाइल घेतली, की टोकाशी जाडी दुप्पट होते, पण ताठरपणा सुमारे सोळापट वाढतो. अशी ताठर फाइल वळणात शिरली, की ती सरळ होऊ पाहते. मग टोकापाशी ती वळणाच्या बाहेरच्या भिंतीला आणि मधल्या भागात आतल्या भिंतीला अधिक कापते, आणि नलिका मूळ मार्गावरून सरकते. कधी भिंतीत पायरी तयार होऊन पुढची वाट अडते, कधी टोकाचे छिद्र फाटून लांबट होते, तर खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन मुळांच्या बेचक्याकडची पातळ भिंत झिजून भोकही पडू शकते. जेम्स रोन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेल्या ‘संतुलित बल’ तंत्राने, म्हणजे फाइल घड्याळाच्या दिशेने थोडी फिरवून, मग हलका दाब ठेवत उलट दिशेने फिरवून कापण्याच्या पद्धतीने, पोलादी फायलींनीही हा दोष बराच आटोक्यात आणता येतो. परंतु त्यासाठी हाताला सराव आणि कामाला वेळ लागतो.

लवचिक धातूचे आगमन

निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू दंतवैद्यकासाठी जन्मलेला नव्हता. अमेरिकी नौदलाच्या मेरीलँडमधील शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९६०च्या सुमारास त्याचे गुणधर्म ओळखले आणि दोन्ही धातूंच्या रासायनिक चिन्हांना प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून त्याला ‘निटिनॉल’ हे नाव मिळाले. पुढे तो वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या तारांमध्ये आला, आणि १९८८ साली वालिया, ब्रँटली व गर्स्टीन यांनी त्याच तारांपासून फायली बनवून तपासल्या, तेव्हा त्या तितक्याच जाडीच्या पोलादी फायलींपेक्षा दोन ते तीन पट लवचिक आढळल्या. ताण पडताच या धातूची अंतर्गत स्फटिकरचना ऑस्टेनाइट नावाच्या अवस्थेतून मार्टेन्साइट नावाच्या मऊ अवस्थेत जाते आणि ताण निघताच परत फिरते, त्यामुळे सुमारे ८ टक्के विरूपणानंतरही तो मूळ आकारात येऊ शकतो. पोलादाची मर्यादा १ टक्क्याच्याही आत असते.

या लवचिकतेमुळे दोन गोष्टी शक्य झाल्या. वाकलेल्या नलिकेत फाइल यंत्राने सलग गोल फिरवता येऊ लागली, आणि ४ किंवा ६ टक्के टेपरच्या फायली वापरता येऊ लागल्या. हाताच्या पोलादी फायलींशी तुलना केली असता या रोटरी फायली नलिकेचे वळण अधिक चांगले राखतात आणि कमी वेळात काम करतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे, आणि नवशिक्या विद्यार्थ्यांच्या हातून हा फरक विशेष ठळकपणे दिसतो. मात्र २५ क्रमांकाची फाइल २ टक्के टेपरची असेल, तर १६ मिलिमीटरवर ती ०.५७ मिलिमीटर जाड असते, आणि तोच उतार पूर्ण लांबीभर ६ टक्के ठेवला तर १.२१ मिलिमीटर. ही जास्तीची जाडी मानेजवळच्या डेंटिनमधून, म्हणजे दाताला बळ देणाऱ्या कठीण भिंतीतून, कोरली जाते, म्हणून अधिक टेपर म्हणजे अधिक चांगले, असे समीकरण मांडता येत नाही.

रोटरी फायलींचा दुसरा प्रश्न म्हणजे त्यांचे नलिकेत तुटणे. फाइलचे टोक अडकले आणि मागचा भाग फिरतच राहिला तर ती पिळून तुटते. आणि वळणात फिरताना तिचा प्रत्येक भाग दर फेऱ्याला एकदा ताणला व एकदा दाबला जातो, त्यामुळे तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटावी तशी ती थकूनही तुटते. मिनिटाला ३०० फेरे या वेगाने फिरणारी फाइल अर्ध्या मिनिटात असे १५० आघात सोसते. पिळाने तुटण्याआधी तिच्या खाचा उलगडलेल्या दिसू शकतात. थकव्याने तुटणारी फाइल मात्र बहुधा डोळ्यांना दिसेल अशी पूर्वसूचना देत नाही, आणि म्हणूनच त्याच फायली निर्जंतुक करून किती वेळा वापराव्यात हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

पुढे-मागे फिरणाऱ्या आणि तापवलेल्या फायली

या दोन धोक्यांवर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. पहिला उपाय गतीचा होता. २००८ साली गसान यारेद यांनी एकच रोटरी फाइल सलग न फिरवता पुढे-मागे फिरवून संपूर्ण नलिका तयार करण्याची पद्धत मांडली, आणि २०११मध्ये त्या तत्त्वावरच्या ‘रेसिप्रॉक’ व ‘वेव्हवन’ या फायली बाजारात आल्या. रेसिप्रॉक कापण्याच्या दिशेने १५० अंश आणि उलट ३० अंश फिरते. म्हणजे तीन आवर्तनांत एक पूर्ण फेरा होतो, आणि टोक अडकून पीळ घातक मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधीच फाइल मोकळी होते. दुसरा उपाय धातूचा होता. विशिष्ट तापमानाची प्रक्रिया केलेल्या फायलींमध्ये मार्टेन्साइट अवस्था नेहमीच्या तापमानालाही टिकते, त्यामुळे त्या अधिक मऊ होतात, वाकवल्या तर वाकलेल्याच राहतात आणि थकव्याला अधिक काळ तोंड देतात. त्या बदल्यात पिळाचा जोर पडला की त्या लवकर उलगडतात. याखेरीज २०१०मध्ये आलेल्या ‘सेल्फ ॲडजस्टिंग फाइल’ या जाळीदार, पोकळ फाइलने फिरण्याऐवजी थरथरत, आतून द्रव वाहवत, चपट्या नलिकेचा आकार स्वीकारण्याचा वेगळाच मार्ग धरला.

मोजमाप कशाचे?

तुलनेचा निकाल ती कोठे आणि कशी केली यावर फार अवलंबून असतो. पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यांतील कृत्रिम नलिका एकसारख्या असतात, त्यामुळे फायलींमधील फरक त्यांत स्वच्छ दिसतो, पण प्लास्टिकची कठीणता डेंटिनसारखी नसते. काढलेल्या दातांत डेंटिन खरे असते, पण कोणतेही दोन दात सारखे नसतात. थकव्याच्या चाचणीतही तापमान निर्णायक ठरते, कारण प्रक्रिया केलेली फाइल खोलीच्या तापमानाला जितकी टिकते तितकी ती शरीराच्या ३७ अंशांना टिकत नाही.

सूक्ष्म सीटी, म्हणजे दात न कापता त्याचे अतिसूक्ष्म त्रिमितीय चित्र देणारे तंत्र, आल्यानंतर तुलनेला नवी खोली मिळाली. ओव्ह पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली वरच्या दाढांच्या नलिका आकार देण्याआधी व नंतर मोजल्या, तेव्हा तपासलेल्या प्रत्येक तंत्राने नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्श ठेवल्याचे आढळले. तंत्रांमधील परस्पर फरकापेक्षा ही त्या सर्वांना समान असलेली उणीव अधिक महत्त्वाची आहे. त्याआधीच, १९८०च्या दशकाच्या आरंभी, स्वीडनमध्ये बिस्ट्रम आणि सुंडक्विस्ट यांनी दाखवले होते, की फाइल आणि मिठाचे पाणी यांनी जंतूंची संख्या खूप घटते, परंतु कित्येक दातांत ते शिल्लक राहतात, आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतल्यास अधिक दात जंतुमुक्त होतात. फाइल जेथे पोहोचत नाही तेथे हे द्रावण पोहोचू शकते, मात्र त्यासाठी फाइलने पुरेशी वाट केलेली असावी लागते.

म्हणून कोणत्या फाइलला श्रेष्ठ म्हणावे याचे उत्तर नलिकेनुसार बदलते: अरुंद नलिकेची वाट प्रथम चाचपण्यासाठी ८ किंवा १० क्रमांकाच्या पोलादी हातफाइलला आजही तोड नाही, तीव्र वळणात प्रक्रिया केलेली लवचिक फाइल अधिक सुरक्षित, तर चपट्या नलिकेत कोणत्याही गोल फिरणाऱ्या फाइलपेक्षा द्रवाच्या काळजीपूर्वक वापरावर अधिक विसंबावे लागते. रुग्णानेही फाइलच्या नावाची किंवा यंत्राच्या नवेपणाची चौकशी करण्याऐवजी, लाळेतले जंतू दातात शिरू नयेत म्हणून लावले जाणारे रबर डॅम वापरले जाणार का, आणि नलिका धुण्यासाठी पुरेसा वेळ दिला जाणार का, हे विचारणे अधिक हिताचे आहे; कारण उत्तम फाइलनेही जो भाग अस्पर्श राहतो, त्याची काळजी कोणी आणि कशी घेतली, यावरच त्या दाताचे पुढील आयुष्य ठरते.