पोल्ट्री शेडची दुर्गंधी आणि अतिनील दिवे

कोंबडीपालनाच्या धंद्यात खाद्याचे भाव आणि रोगराई यांच्या जोडीला तिसरी डोकेदुखी असते ती दुर्गंधीची. शेजारच्या वस्तीने तक्रार केली की चालता धंदा अडतो. नुकसान शेडच्या आतही होतेच. ओल्या विष्ठेतील युरिक आम्ल जिवाणू फोडतात व अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो 25 भागांच्या वर गेला की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासाचे विकार बळावतात, वजन भरत नाही.

यावर अमेरिकेच्या आयोवा स्टेट विद्यापीठात एक उपाय तपासला गेला. पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर 'अतिनील-ए' प्रकारचा उजेड पाडायचा. या उजेडाने थर क्रियाशील होतो आणि हवेतील दमटपणाच्या मदतीने वासाची द्रव्ये फोडतो. या पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचेही विघटन करता येते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी 1972 साली दाखवले होते.

शेडसारखी परिस्थिती प्रयोगशाळेत उभी करून 2020 साली घेतलेल्या चाचणीत अमोनिया जास्तीत जास्त सुमारे 19 टक्के घटला. हायड्रोजन सल्फाइड व मिथेन मात्र तसेच राहिले. थरावर धूळ बसली की गुण आणखी उतरतो, आणि पोल्ट्रीत धुळीला काय तोटा!

रंगकाम करणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात पडणारीच भुकटी. पण रंगातली जात बहुधा 'रुटाइल' असते, आणि रंग लवकर उडू नये म्हणून तिची ही क्रिया मुद्दाम दाबलेली असते. येथे लागते ती 'अनाटेज' जात. तेव्हा साधा पांढरा रंग मारून वर निळी ट्यूब लावली तर खर्च पाण्यात.

जंतू मारणारे 'अतिनील-सी' दिवे वेगळे. त्यांनी माणसाचे डोळे व कातडी भाजते. शेडमध्ये कामगार असताना ते उघडे लावू नयेत.

आमच्या मते आधी गळके निप्पल दुरुस्त करावेत, तूस उलथून कोरडे ठेवावे, हवा खेळती ठेवावी. त्यानंतरही दिव्याचा सौदा करायचा असेल तर विकणाऱ्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : दिव्याची तरंगलांबी किती, आणि थर कोणत्या जातीचा. 365 नॅनोमीटरच्या आसपासचा आकडा आला तर पुढचे बोलणे करावे.